मिरजेचा हात

रविवारी आई दवाखाना बंद ठेवायची, पण दवाखाना तिला सोडायचा नाही. जिन्यावर पावलं वाजली की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "डावा गुडघा वाचवत चढतंय कोणीतरी. मोहसीनभाई असणार." अन्विता दार उघडायची आणि मोहसीनभाईच असायचे.

"ताई, खालची पाटी काढून टाका आता," त्या रविवारी मोहसीनभाई खुर्चीत टेकत म्हणाले. सतारी बनवण्यात त्यांची पंच्याहत्तरी उलटली होती. भोपळे कोरून कोरून उजवा खांदा कायमचा पुढं आला होता. हातात भडंगाची पुडी होती. "सगळं मशीनच करतंय म्हणे. पुण्याची पोरं काल टेबल पुसत होती."

"मग जा की मशीनकडं. इथं कशाला जिना चढता?"

"इथं चहा मिळतो."

"त्याला चहापण शिकवते. मग बघू कुणाकडं येता."

आई, म्हणजे पद्मजा मगदूम, सदुसष्ट वर्षांची होती. मिरजेच्या किल्ला भागात तळमजल्यावर तिचा दवाखाना आणि वर घर. शिक्षणानं फिजिओथेरपिस्ट, पण यंत्रं, शेक, विजेचे झटके यांत तिला रस नव्हता. आखडलेल्या माना, धरलेल्या कंबरा, वर न जाणारे खांदे ती हातांनी मोकळे करायची. मॅन्युअल थेरपी म्हणतात ती हीच. तिचे अंगठे ही घराची मिळकत होती, म्हणून घरात एक रीत पडली होती: अंगठ्याचं काम आईनं करायचं नाही. बरणीचं झाकण, कपडे पिळणं, लिंबू, शेंगा फोडणं हे सगळं अन्विताकडं. ती तिसरीत होती तेव्हापासून.

तिसरीत असतानाच वडील गेले आणि दवाखाना दोन्ही वेळ चालू झाला. काम आटोपून वर आली की आई कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायची. त्या वेळी तिला काही सांगायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. अन्वितानं ठरवलं होतं. दिवसभर माणसं आईपुढं आपापली दुखणी मांडून जात. त्यात आणखी एकाची भर कशाला, एवढाच विचार. खेळताना पाय मुरगळला की ती जिन्याखाली थांबायची, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून बघायची आणि मग वर चढायची. आई पावलांवरून अख्खी मिरज ओळखायची. अन्विताची पावलं तिला कायम सारखीच ऐकू आली.

आता अन्विता बेचाळीस वर्षांची होती. सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आणि आईकडंच राहायची. त्या रविवारी ओल्या चादरींची बादली घेऊन ती गच्चीवर गेली. दाराशी बादली ठेवायला वाकली आणि कंबरेत उजवीकडं उसण भरली. अशी कळ, की चौकट धरून उभं राहावं लागलं. गेली काही वर्षं हे अधूनमधून व्हायचं. तिनं श्वास रोखून कळ ओसरू दिली, चादरी वाळत घातल्या आणि नेहमीसारखी चालत खाली आली.

आई ओट्याशी चहा गाळत होती. शेंगांचं ताट उचलायला अन्विता वाकली तेव्हा आईचा हात तिच्या पाठीवर आला. दाबला नाही, चोळला नाही. नुसता टेकला आणि तिथंच राहिला.

"काय गं?" आई म्हणाली.

"कुठं काय? शेंगा घेते." अन्विता पुढं सरकली.

हात क्षणभर हवेत राहिला, मग कपांकडं गेला.

"आमच्या अनूला कधी काही दुखत नाही," बाहेर येऊन मोहसीनभाईंच्या हातात कप देताना आई म्हणाली. "माझ्या घरात जन्मली म्हणून. दुसरीकडं जन्मली असती तर एव्हाना तुमच्यासारखी वाकली असती."

"मी वाकलो नाही ताई. सतार सरळ केली."

संध्याकाळी मायलेकींनी पिठलं-भाकरी खाल्ली. पुढच्या आठवड्यातलं एक लग्न चुकवायला आईनं चांगलंसं कारण शोधून काढलं. अन्वितानं उत्तरपत्रिका तपासल्या. सांगण्यासारखं काही घडलं नाही. सोमवारी पहाटे झोपेतच आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला, आणि सकाळी ती उठली नाही.

*

आई गेली तेव्हा तिच्या हातांची नक्कल चार वर्षांची झाली होती.

त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. दुखऱ्या जागेजवळ कोणी दाबलं की कळ जाणवायच्या आधीच भोवतीचे स्नायू आवळतात. हा हुकूम मेंदूतून येत नाही, मज्जारज्जूतूनच सुटतो. शरीर स्वतःची राखण करतं. आवळलेल्या स्नायूवर जोर केला तर तो आणखी आवळतो. कसलेला हात हे आवळणं सुरू होतानाच ओळखतो आणि सैल पडतो. स्नायूला जरा भरवसा वाटतो, तो थोडा सुटतो, हात थोडा आत जातो. ही देवघेव एका सेकंदात कित्येकदा चालते, आणि इतकी झटपट, की करणाऱ्यालाही ती सांगता येत नाही. शिकायला आलेल्या मुलामुलींनी विचारलं की आई म्हणायची, "हाताला विचारा. मला काय विचारताय?"

मालिश करणारी आधीची मशीनं याच जागी फसली होती. त्यांना हालचाली शिकवल्या होत्या: इतकं दाबा, असं फिरवा. पुण्याच्या एका कंपनीनं तो नाद सोडला. त्यांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ हातमोजे बनवले, त्यांत दाब, ओढ आणि ऊब टिपणारे हजारो बारीक बिंदू विणले आणि राज्यातल्या निवडक थेरपिस्टांना ते घालून रोजचं काम करायला सांगितलं. हात काय करतो हे मशीन शिकलंच नाही. पाठीनं काही म्हटल्यावर हात काय उत्तर देतो, ते शिकलं. हजारो पाठींनंतर प्रत्येक थेरपिस्टचा एकेक हात तयार झाला, आणि माणसागणिक अक्षराचं वळण वेगळं असावं तसा तो वेगळा निघाला. नाशिकचा हात भरभर चालायचा. नांदेडचा जड होता, पण समजूतदार. मिरजेचा हात म्हणजे आईचा.

हे हात चालवणाऱ्या यंत्राला कंपनीनं स्पर्शिका असं नाव दिलं होतं. मिरजेत सगळे त्याला टेबल म्हणत. पालथं झोपायला लांबट गादी, चेहऱ्यासाठी भोक, वर दोन बाह्या आणि बाह्यांच्या टोकाला मऊ, उबदार बोटं. आईनं पहिल्यांदा त्यावर झोपून स्वतःचा हात स्वतःच्या पाठीवर फिरवून घेतला आणि उठून म्हणाली, "बरी आहे बाई. जरा आगाऊ आहे."

अन्विता त्यावर कधी झोपली नव्हती. तिला काही दुखत नव्हतं.

*

दुसऱ्या आठवड्यात कोरेकाकूंनी खाली दवाखाना उघडला. आईच्या हाताखाली त्या जन्मभर राहिल्या होत्या. नावं घ्यायच्या, टॉवेल गरम करायच्या, रांगेतली भांडणं सोडवायच्या. त्यांनी अन्विताला विचारलं नाही. "लोक दारात उभे आहेत," एवढंच सांगितलं आणि टेबल चालू केलं.

अन्विता वर बसून खालचे आवाज ऐकत असे. बाह्या फिरताना बारीक घुर्र आवाज व्हायचा. मधून कोणीतरी कण्हायचं, कोणी हसायचं. आईचा आवाज तेवढा नसायचा.

मोहसीनभाई टेबलावरून उठून वर आले, तेव्हा शर्टाची बटणं खालीवर लागली होती.

"कसं वाटलं?" अन्वितानं विचारलं.

"ताईच आहेत." ते खुर्चीत बसून राहिले. "फक्त शिव्या देत नाहीत. माणसानं मग करमून घ्यायचं कसं?"

तिनं त्यांना चहा करून दिला. तो आईसारखा झाला नव्हता, पण त्यांनी संपवला.

माणूस गेल्यावर त्याचा हात पुढं वापरायचा तर वारसाची संमती लागते, असा कायदा नुकताच झाला होता. ती घ्यायला कंपनीची अभियंता गौतमी साळवे पुण्याहून आली. तिशीतली, केस बारीक कापलेली, आल्या आल्या पायातले बूट काढून फरशीवर मांडी घालून बसणारी. मिरजेचा हात तिनंच घडवला होता. त्यासाठी महिनोन्‌महिने खाली दवाखान्याच्या दाराबाहेर नोंदी बघत बसून होती.

"सरकार तालुक्यातालुक्याच्या दवाखान्यांत टेबलं ठेवतंय," ती म्हणाली. "चारशेच्या वर. सगळीकडं एकच हात घालायचा आहे, आणि पसंती मिरजेच्या हाताला आहे. पण एक भानगड झालीय. दोन-तीन ठिकाणी चाचणीला प्रती दिल्या होत्या. तिथून तक्रार आली. हात कडक आहे म्हणतात. लोक दुसऱ्या दिवशी अंग ठणकतंय म्हणून परत येतात."

"कडक आई होती," अन्विता म्हणाली. "हाताबद्दल कोणी काही बोललेलं ऐकलं नाही."

"इथंपण कोणी बोललेलं नाही. तेच कळत नाही मला. हात तोच, मग इथं गोड आणि तिकडं कडक कसा?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गौतमीनं तिला खाली बोलावलं.

"सापडलं. चूक माझीच आहे," ती म्हणाली. पडद्यावर एक रेघ होती. डोंगरदऱ्यांसारखी वरखाली जाणारी, आणि मध्येच लांबच लांब सपाट. "ताईंच्या मूळ नोंदींत अशा सपाट जागा पुष्कळ आहेत. कधी मिनिटभर, कधी पाच-सात मिनिटं. आम्हाला वाटलं हातमोज्यांचा संपर्क तुटला. घामानं होतं तसं. मग आगेमागे जे आहे त्यावरून अंदाज करून मधलं भरून काढायचं, ही आमची नेहमीची पद्धत. चाचणीच्या प्रतींत आम्ही सगळ्या जागा भरून टाकल्या. तुमचं टेबल सगळ्यांत जुनं, ते मूळ नोंदींवर चालतं. त्यात काही भरलेलं नाही."

"मग?"

"संपर्क तुटला असता तर दाब शून्य दिसला असता. हा शून्य नाही. हाताच्या नुसत्या वजनाएवढा आहे. आणि जवळून बघा, सपाट पण नाही. हळूहळू वरखाली होतंय. तो पेशंटचा श्वास आहे." गौतमीनं डोळे चोळले. "ताई काही करत नव्हत्या. हात ठेवून थांबल्या होत्या. आणि आम्ही तिथं दाबणं भरलं."

"थांबायच्याच की," टॉवेलांच्या घड्या घालत कोरेकाकू म्हणाल्या. "सगळ्यांना नाही. दुखणं लपवणारं कोणी आलं की थांबायच्या. पोलीस, पैलवान, नवी लग्न झालेली पोरगी. श्वास धरून पडतात बघा ही माणसं. बाहेर रांग लागलेली असायची. मी दार वाजवायची, तर आतून म्हणायच्या, अहो थांबा, ह्यानं अजून सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाही?" गौतमीनं विचारलं.

"दुखतंय म्हणून. श्वास धरला की सगळी पाठ आवळते म्हणायच्या. तेव्हा दाबलं तर मी दुखण्यावर नाही दाबत, लपवण्यावर दाबते."

अन्विताला पाठीवर टेकलेला तो हात आठवला, आणि आपण पुढं सरकलो तेही.

"वर दूध तापत ठेवलंय," असं सांगून ती जिना चढली. दूध तापत ठेवलेलं नव्हतं.

*

चहाच्या वेळी गौतमी वर आली. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"आता आम्ही ते भरणार नाही, हे नक्की. पण थांबणं तसंच ठेवलं तर सरकार टेबल घेणार नाही. दवाखान्यात माणशी बारा मिनिटं ठरलीत. बाहेर पन्नास जणांची रांग, आणि आत टेबल सात मिनिटं काही करत नाही. लोक म्हणतील बंद पडलं."

"मग काय करणार?"

"वगळायचं. आवळलेली जागा लागली की हात तिथं थांबणार नाही, दाबणारही नाही. बाजूनं पुढं जाईल. कोणाचं अंग ठणकणार नाही. थोडा कमी गुण येईल, पण बाकीच्या हातांपेक्षा तरी जास्तच. नाव मिरजेचा हात हेच राहील. कायद्यानं एका माणसाचा एकच हात नोंदवता येतो, म्हणून तुमच्या टेबलावरही हाच येईल. आणि नव्या टेबलांवर तो कायमचा राहील, टेबलं बदलली तरी."

"आणि आहे तसा ठेवला तर?"

"मग तालुक्यांना नाशिकचा हात जाईल. वाईट नाही तोही. ताईंचा हात तुमच्या जुन्या टेबलावर चालेल. त्याचे सुटे भाग आता बनत नाहीत, आणि एका दवाखान्यासाठी कंपनी तो हात नव्या टेबलावर घालणार नाही. टेबल असेतो हात."

अन्वितानं कप बशीत ठेवला. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला पगार कंपनी देते."

"ते सोडा."

गौतमी म्हणाली, "माझे वडील दाणा बाजारात हमाली करायचे. पन्नाशीतच पाठ गेली. गोळ्या खाऊन खाऊन मूत्रपिंडं गेली. त्यांना जवळच्या तालुक्याला असलं टेबल मिळालं असतं ना, तर ते थांबतं की पुढं जातं हे मी विचारलं नसतं. सगळ्यांत चांगला हात मिळू दे, एवढंच म्हटलं असतं."

अन्विताचा विषय इतिहास होता. मूळ कागद वाळवी खाते, पुरात जातो, चुलीत जातो. टिकते ती नक्कल. नक्कल करणाऱ्यानं कंटाळून दोन ओळी गाळलेली का होईना. गाळलेल्या ओळींसकट जे उरतं त्यावरच तिच्या शास्त्राचा संसार चालला होता. आईचा हात चारशे गावांत उरणार असेल, तर सात मिनिटांसाठी अडून बसण्यात काय अर्थ आहे?

"वगळा," ती म्हणाली. "मी संमती देते."

"आधी तुम्हाला टेबलावर झोपावं लागेल. कायद्यातच आहे. हा हात त्यांचाच आहे हे वारसानं ओळखून सांगायचं असतं."

"मी कशी ओळखणार? आईनं माझ्यावर कधी काम केलं नाही."

"कधीच नाही?"

"मला काही दुखत नाही."

"ताईपण तुमच्याबद्दल तेच सांगायच्या," गौतमी म्हणाली. मग बूट घालायला उगाचच बराच वेळ लावला.

*

संध्याकाळचे पेशंट यायला अवकाश होता. कोरेकाकूंनी टॉवेल अंथरला, टेबल चालू केलं आणि दार लोटून घेतलं. त्या आणि गौतमी बाहेर बाकावर बसल्या. दोघींची कुजबुज आत ऐकू येत होती. काकू तिला मुलं बघायची की नाही ते विचारत होत्या.

अन्विता पालथी झोपली. भोकातून खालची फरशी दिसत होती. बाह्या घुर्र करून वळल्या, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकली.

परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तशी ती बसली होती, फक्त आडवी. प्रत्येक गोष्ट मनाशी टिपत होती. बोटं गरम आहेत, पण कोरडी. उजवा अंगठा सरळ पडत नाही, जरा आडवा पडतो. आईचा तो सांधा झिजला होता, ती झीजही यंत्रानं उचलली. मान झाली. खांदे झाले. खांद्याच्या पात्याखाली हात जरा रेंगाळला आणि तिथं काहीतरी सुटलं, वह्यांचा गठ्ठा खाली ठेवल्यासारखं. लोक रांग लावून का येतात ते तिला कळलं. हे आपल्या घरात होतं, खालच्याच मजल्यावर, हेही कळलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

हात कण्याच्या कडेनं खाली उतरला. डावी कंबर झाली. उजवीकडं आला आणि थांबला.

तिनं श्वास संथ ठेवला. ते तिला जमायचं. आत, बाहेर, आत, बाहेर. हात हलला नाही. नुसतं वजन होतं, पावशेर असेल, आणि ऊब.

हे काय आहे ते तिला ठाऊक होतं. वजन मोटरचं, ऊब तारेची, थांबणं आकड्यांचं. या हाताला ती कोण आहे ते माहीत नव्हतं. तो पोलिसासाठी थांबला असता, पैलवानासाठी थांबला असता, तसाच तो तिच्यासाठी थांबला होता. यात तिच्या एकटीचं असं काही नव्हतं. हे सगळं तिनं स्वतःला नीट समजावून सांगितलं. हात तिथंच होता.

"कंबर. उजवी बाजू," ती फरशीकडं बघत म्हणाली. दवाखान्यात सांगतात तसं.

काही झालं नाही. यंत्राला भाषा येत नव्हती. पाठ काय म्हणते तेवढंच कळायचं, आणि पाठ अजून काही म्हणत नव्हती.

"अडकलंय का?" बाहेरून गौतमीचा आवाज आला.

"असू दे गं," कोरेकाकू म्हणाल्या. "बस तू."

वेळ गेला. किती ते तिनं मोजलं नाही. वगळून पुढं जाणारा हात असता तर आतापर्यंत तो पायांपाशी पोचला असता. काही दुखलं नसतं. ती उठून, ओढणी नीट करून, छान होतं असं सांगून वर गेली असती. असा हात तिला नवा नव्हता. तो तिच्या घरात कधीचा होता. गौतमीनं बनवायच्या कितीतरी आधी तिनंच तो बनवला होता, तिसरीत असताना, आणि आई तिच्याबाबत तोच जन्मभर वापरत आली होती. बाजूनं पुढं जाणारा. कोणाला त्रास न देणारा. चांगला चालायचा तो. त्यात एवढंच होतं, की त्याखालच्या माणसाला कोणी हात लावलेला नसायचा.

"गौतमी," ती म्हणाली. आवाज भोकातून खाली फरशीवर आपटून परत आला, म्हणून तिनं जरा मोठ्यानं म्हटलं, "गौतमी, वगळू नका ते."

दार किलकिलं झालं. "अन्विताताई, मग तालुक्यांना हा जाणार नाही."

"नाशिकचा जाऊ दे."

"हे टेबल फार वर्षं नाही टिकायचं. सांगितलंय तुम्हाला मी."

"सांगितलंय."

"मग नंतर काहीच उरणार नाही."

"हो."

गौतमीनं आत न येता दार ओढून घेतलं.

निर्णय झाला होता, पण हाताला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. तो होता तिथंच होता, तेवढाच जड, तेवढाच गरम. तिचा श्वास आता संथ राहत नव्हता. मध्येच अडत होता, आणि अडला की पाठ हातासकट अर्धवट वर उचलली जात होती. तिनं गादीची कड धरली. फरशीवरची एक भेग बघत राहिली. आणि मग सोडून दिलं.

"आई, दुखतंय मला," ती म्हणाली. "कंबर तर दुखतीयच. नुसती कंबर नाही."